बाहेरची खोली

१३ जानेवारी २००३, सोमवार

काल मंचरहून घराचा नकाशा आला. हे खूश होते. मी नकाशा पाहिला आणि डोक्यात तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही, म्हणून ही डायरी उघडली. खताच्या दुकानातून फुकट आलेली, पानोपानी युरियाची जाहिरात. पोरं घरी गेली की अंगणवाडीतच बसून लिहीन. घरात लिहायला जागा नाही, आणि नव्या घरातही नसणार असं दिसतंय.

कळंबच्या गावठाणातलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागची पडवी. माणसं पाच. म्हणून रस्त्याकडच्या मळ्यात बंगला बांधायचं ठरलं, इथपर्यंत सगळं चांगलं. आता नकाशा. हॉल. किचन. आमची बेडरूम. ऋषीची बेडरूम. पुढे पोर्च, कारण पुढेमागे गाडी घ्यायची आहे. गाडी अजून कुणी पाहिलेली नाही, पण तिला जागा आहे. ऋषी बारावीला आहे, त्याला अभ्यासाला खोली हवी, मान्य. मग प्रांजल नववीत आहे, ती काय हवेत अभ्यास करते? मी त्या कागदावर पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. प्रांजलची खोली काही सापडली नाही.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "ती आईपाशी झोपंल की हॉलमधी. आन पाच-सात वर्षांनी तिला तिच्या घरी जायचं. मग त्या खोलीला काय कुलूप लावून ठिवायचं?"

मी म्हटलं, "ऋषीपण पुण्याला नोकरीला जाईल. त्याच्या खोलीला काय लावायचं?"

"बालवाडीत बोलती तसं घरात बोलू नको."

मी अंगणवाडी सेविका आहे. बालवाडीची बाई नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी ह्यांच्या ते ध्यानात राहत नाही, आणि मंचर बाजारातला कांद्याचा भाव मात्र गेल्या पाच वर्षांचा तोंडपाठ.

१६ जानेवारी, गुरुवार

जे व्हायला नको तेच झालं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नकाशा मागितला. त्यांना अक्षरओळख नाही, पण ह्यांनी बोट ठेवून एकेक खोली दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन बाहेरची खोली?"

ह्यांना कळलंच नाही. "कंची बाहेरची?"

"बायांची. चार दिसांची. पोर न्हाती झाली तुझी, तिला नको का?"

हे जे उठले, ते मोटर चालू करायला म्हणून मळ्यात गेले. लाइट नव्हती. तरी गेले.

त्या खोलीबद्दल मी कधी कुठे लिहिलेलं नाही. मागच्या पडवीला भिंत घालून केलेली अंधारी कोंदट जागा. शिनोलीहून लग्न होऊन आले तेव्हा महिन्याच्या महिन्याला मी तिथे बसले आहे. थंडीत पोत्यावर. ताट बाहेरून सरकवायचं. पाणी वरून ओतायचं. बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाला कळायचं, दादाभाऊची बायको बसली. एकदा अंगात ताप होता, हाक मारून मारून घसा सुकला, कुणी शिवायला तयार नाही. त्या दिवशी मी ठरवलं होतं, माझी लेक इथे बसणार नाही.

अंगणवाडीत लागले त्या वर्षी सांगून टाकलं, मी यापुढे बाजूला बसणार नाही, काय देव कोपायचा तो कोपू दे. आत्याबाई रागाने बोलायच्या बंद झाल्या. मग एक दिवस त्यांनी स्वतःचं अंथरूण उचललं आणि त्या रिकाम्या खोलीत नेऊन टाकलं. म्हणे गुडघे दुखतात, आतला उंबरा चढवत नाही. तेव्हापासून त्या तिथेच झोपतात, दुपारीसुद्धा दार लोटून तिथेच असतात. किती तो राग! सून बाटली म्हणून घराच्या आत झोपायचंसुद्धा नाही. मी कधी काही बोलले नाही. पण नव्या घरात पुन्हा ती खोली? माझ्या प्रेतावरून.

२७ जानेवारी, सोमवार

परवा किशोरींची बैठक घेतली. पाळी म्हणजे विटाळ नाही, आजार नाही, देवाचा कोप नाही, सगळं समजावून सांगितलं. पुढे बसलेली अक्षदा म्हणाली, "बाई, पण तुमच्याच आज्जी सांगत्यात, तुमच्या बंगल्याला बसायची खोली हाये." सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

म्हणजे म्हातारी गावभर सांगत फिरते आहे!

घरी आले तर प्रांजल चुलीपुढे बसून भूगोलाचं पुस्तक वाचत होती, पानांवर धूर. मला म्हणाली, "मम्मी, आजीनी माझ्यासाठी खोली मागितली ना?"

मी म्हटलं, "तसली खोली आपल्याला नको."

"तिला खिडकी असंल का?"

"प्रांजल!"

"आन कडी? आतून कडी असंल का गं?"

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. आयुष्यात कधी मारलं नव्हतं. पोरीच्या कानात हे विष ओतलं कुणी ते मला चांगलं ठाऊक आहे. ज्या कोंडवाड्यातून मी बाहेर पडले, त्याला कडी कशी आहे हे माझी पोर हौसेने विचारते. जीव जळून गेला.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल दुपारी मटकी निवडता निवडता मी आत्याबाईंना गोडीगुलाबीने समजवायचं ठरवलं. म्हटलं, तुम्हीसुद्धा सोसलंत ना ते सगळं? मग नातीच्या वाट्याला कशाला?

त्या म्हणाल्या, "सोसलं? काय सोसलं? समद्या महिन्यात तेवढंच चार दिस व्हते माझे."

"म्हणजे?"

"कुनी हाक मारायचं न्हाई. पानी न्हाई, शेण न्हाई, दळण न्हाई. मी निजायची गं. दिवसा."

"दिवसा?"

"भर दुपारी. तोंडावर पदर घेऊन. आन सासू माझं ताट घेऊन यायची. बारा महिनं मी तिला वाढायची, त्या चार दिसांत ती मला वाढायची. उंबऱ्याबाहेरनं." हे सांगताना बाई चक्क हसत होती, आणि हाताने मटकी निवडायचं काम चालूच. मग म्हणाली, "आन बाप्या मानूस पाऊल टाकत न्हाई तिथं. तुझा सासरा कसा बी आला, कितीबी पिऊन आला, तरी उंबऱ्याच्या बाहीर. आत न्हाई यायचा."

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. कुत्र्याला घालावं तसं बाहेरून ताट सरकवलं, त्याचंही कौतुक! शिवाय सासऱ्यांना जाऊन कैक वर्षं झाली, गेलेल्या माणसाच्या माघारी असं बोलू नये. बाईच्या डोक्यात हे किती खोल भिनवलेलं असतं याचं उदाहरण म्हणून हे मी पुढच्या मीटिंगला आमच्या पर्यवेक्षिका बाईंना सांगणार आहे.

समजूत काही पटली नाही. उठताना म्हणाल्या, "तू पोरीला खोली मागितली, दिली का त्यानी? मी मागितल्याली देईल बघ."

असली घमेंड.

२४ मार्च, सोमवार

दिली!

नवा नकाशा आला. किचनच्या मागे, न्हाणीला लागून आठ बाय दहाची खोली, पूर्वेला खिडकी, दार बाहेरून. इंजिनीअरने वर 'स्टोअर' लिहिलं आहे. मी विचारलं, हे कसलं स्टोअर? ह्यांनी नजर खाली घातली आणि म्हणाले, "आईचं हाय ते. म्या काय बोलणार त्याच्यात? बायकांचं बायकांनी बघा."

पोरीला खोली मागितली तेव्हा जागा बसत नव्हती, खर्च वाढत होता, पोर परक्याची होती. विटाळाला खोली मागितली तर आठ बाय दहाची जागा निघाली, खिडकीसकट! माझ्या पोरीला ह्या घरात माणूस म्हणून जागा नाही, बाटली तर आहे.

प्रांजल तो नकाशा शाळेच्या पट्टीने मोजत बसली होती. म्हणाली, टेबल बसतंय मम्मी. मी नकाशा तिच्या हातून ओढून घेतला. थोडा फाटला.

३१ मार्च, सोमवार

काल आखणी झाली. परवा पाडव्याला पाया खणायचा, म्हणून कुंडलिक गवंडी दोरी, खुंट्या आणि चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन सकाळीच मळ्यात आला. ओतूरहून नणंदेचे मालक रखमाजी पाव्हणेही आले होते. त्यांनी स्वतःचा बंगला बांधला आहे, त्यामुळे ते आता कुणाच्याही बंगल्यावर बोलतात.

पांढऱ्या रेघा पडल्या आणि सगळ्यांचीच तोंडं उतरली. एवढ्या मोठ्या रानात तो हॉल म्हणजे शेळ्यांचा कोंडवाडा दिसत होता. पाव्हणे मधोमध उभे राहिले, हात दोन्हीकडे पसरले आणि म्हणाले, "दादाभाऊ, हितं लग्नाची बैठक तरी बसंल का राव? लई बारीक काम झालं हे." ऋषी म्हणाला बारीकच आहे. हे म्हणाले बारीकच वाटतंय. मलाही बारीकच वाटला. कुंडलिक तंबाखू मळत बघत होता.

"वाढवायचा कुठून पण?" ह्यांनी विचारलं.

संधी समोर चालून आली होती. मी चार माणसांत पदर खोचून पुढे झाले आणि मोठ्याने म्हटलं, "ती मागची खोली काढा. किचन मागे सरकवा, म्हणजे हॉल पाहिजे तेवढा वाढतो."

"ती आईची..."

"कसली आईची? नाव घेऊन सांगा ना पाव्हण्यांना, कसली खोली आहे ती. विटाळाची खोली आहे. दोन हजार तीन साल चाललंय आणि आपण पोरीला विटाळशी बसवायला खोली बांधतोय."

पाव्हणे पलीकडच्या उसाकडे बघायला लागले. ऋषी तर मळ्यातून दिसेनासाच झाला. ह्यांनी कुंडलिकला हाताने खूण केली, पूस.

पण पुसणार कशी? आत्याबाई त्या रेघांमध्ये जाऊन बसल्या होत्या. त्या आठ बाय दहाच्या चौकोनात, नकाशातल्या खिडकीकडे तोंड करून, पाय लांब करून, पाठ अशी ताठ टेकल्यासारखी, की मागे भिंत आहेच. मागे काही नव्हतं. नुसती ढेकळं आणि फक्की.

मी म्हटलं, "उठा आत्याबाई. माणसं खोळंबलीत."

"बसू दे वाईच."

उन्हं चढत होती. कुंडलिक पाटी घेऊन तिष्ठत उभा. हट्टाला काही सीमा असते! शेवटी प्रांजलने जाऊन हात दिला तेव्हा उठल्या, लुगड्याला लागलेली फक्की झटकली आणि कुणाशी एक शब्द न बोलता वाटेने चालू लागल्या. प्रांजलही त्यांच्याबरोबर गेली. कुंडलिकने पायाने रेघ पुसली.

मी जिंकले. अंगावर मूठभर मांस चढलं असं म्हणतात ना, तसं वाटलं काल दिवसभर. आज तेवढं वाटत नाही, पण चार माणसांत ओरडावं लागलं त्याचा शीण असेल.

७ एप्रिल, सोमवार

पाया भरून घेतायत. काल मी ह्यांना म्हटलं, आता ती भानगड गेली, तर आतल्या बाजूने प्रांजलला छोटीशी खोली काढून द्या.

हे म्हणाले, "आता कुठनं? तूच तर हॉल वाढवला."

मी! मी वाढवला! पाव्हण्यांनी हात पसरले, ऋषी म्हणाला, हे म्हणाले, आणि वाढवला मी! संतापाने मला रात्रीची भाकरी गेली नाही. प्रांजल मात्र बोलत नाही माझ्याशी. अभ्यास झाला का विचारलं तर नुसती मान हलवते. हिच्यासाठी एवढी भांडले त्याचं हे फळ.

१६ जून, सोमवार

भिंती वर आल्या. आणि आता हॉल प्रचंड झाला आहे. अक्षरशः मंगल कार्यालय. ऋषीने आत उभं राहून हाक मारली तर घुमली.

कुंडलिकला विचारलं, हे कसं काय? तर दात काढून म्हणतो, "उघड्या रानात समदंच बारीक दिसतंय वैनी. भिंती चढल्या की मोठं व्हतं. माझ्या बी घराचं असंच झालं, म्या बी वाढवलं व्हतं."

"मग त्या दिवशी तोंडात काय होतं?"

"तंबाखू व्हती."

लोक बाहेर थांबून हॉल बघून जातात. हे सगळ्यांना आत बोलावतात. किचन मात्र मागे सरकताना असं काही चेपलं आहे की फ्रीज दारात येणार. आत्याबाई अजून एकदाही बांधकाम बघायला आलेल्या नाहीत.

१ डिसेंबर, सोमवार

काल वास्तुशांत झाली. अख्खं गाव जेवून गेलं. कालपासूनच राहायला आलो.

रात्री अंथरुणं घालायची वेळ आली तेव्हा एक गोष्ट पुढे आली. ऋषी त्याच्या खोलीत गेला, आम्ही आमच्या. आत्याबाई बोचकं काखेत घेऊन हॉलमध्ये उभ्या. मी म्हटलं, "तुमचं दिवाणावर केलंय ना. मऊ गादी आहे. समोर टीव्ही." त्या म्हणाल्या, "आन हे कुठं ठिवू?" बोचकं म्हणजे दोन लुगडी, एक डबी आणि एक गोधडी. दिवाणाखाली ठेवलं. प्रांजलची गादी खाली फरशीवर. दप्तर टीव्हीच्या मागे.

आत्याबाईंचं तोंड पडलेलंच. नव्या घरात पहिल्या दिवशी असं तोंड करून बसतात का? माणसाला काही आनंदच नको.

१५ डिसेंबर, सोमवार

वैताग आहे नुसता. बंगला बघायला रोज माणसं. जो येतो तो थेट दिवाणावर बसतो, की आत्याबाई पाय आखडून कोपऱ्यात. दुपारी जरा आडव्या झाल्या की कुणीतरी "काय म्हातारे, मजा हाय" म्हणत आत येतं. ऑस्ट्रेलियात मॅच चालली आहे, ती पहाटे पाचला सुरू होते. ऋषी आणि त्याचे दोघे मित्र पाचला येऊन टीव्ही लावतात. आत्याबाई उठून पोर्चमध्ये, गाडीच्या जागेवर, थंडीत गोधडी पांघरून बसतात. मी ऋषीला ओरडले, तर हे म्हणाले, "पोरगं एवढ्यात काय जग बुडवतंय?"

प्रांजल कपडे बदलायला बाथरूममध्ये, अभ्यासाला किचनच्या ओट्याशी, उभी. परवा कपाट उघडून त्याच्या दाराआड तोंड घालून उभी होती. काय करतेस विचारलं, तर म्हणाली, काही नाही, दोन मिनिटं. कपाटात काय दोन मिनिटं?

मी तरी कुठे बसते? बेडरूममध्ये दिवसा बसलं की हे विचारतात, बरं नाही का? ही पानं मी अजून अंगणवाडीतच लिहिते आहे. एवढा बंगला बांधला आणि घरातल्या तीन बायकांना टेकायला कोपरा नाही, याचा राग कुणावर काढायचा तेच कळत नाही. एक नाव येतं तोंडाशी. ते मी लिहिणार नाही.

५ जानेवारी २००४, सोमवार

नवी डायरी मिळाली नाही. हिच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते.

काल सकाळी हॉलमध्ये पाव्हणे बसलेले, ओतूरहून आलेले, हे आणि ऋषीपण. आत्याबाई दिवाणावरून उठल्या, खालून बोचकं ओढलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला शिवू नका कुनी. कावळा शिवलाय."

पाव्हण्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

त्या तशाच मागच्या दाराने बाहेर पडल्या आणि सिमेंट ठेवायला बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या. आत रिकामी पोती, दोन घमेली आणि एक मोडकी खुर्ची. पोती अंथरली, गोधडी टाकली, बसल्या.

ह्यांचा चेहरा असा झाला की रागातही मला हसू आलं. दारापर्यंत गेले, तिथूनच म्हणाले, "आई, आगं या वयात कसला... आन बाहीर झोपू नको, उसात बिबट्या हाये."

आतून आवाज आला, "बिबट्याला बी इटाळ चालत नसंल."

मला मात्र घाम फुटला. सत्तरीच्या बाईला अंगावरून जाणं म्हणजे चांगलं लक्षण नाही, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं आहे. मी धावत गेले, दार लोटलं, म्हटलं, आत्याबाई, खरं सांगा, किती जातंय, कधीपासून, आत्ताच्या आत्ता मंचरला डॉक्टरकडे जाऊ.

"काय न्हाई झालं मला."

"म्हणजे?"

"म्हंजे काय न्हाई. सुकून दगूड झालीया मी, आता कुठला कावळा."

"मग चार माणसांत एवढं खोटं बोललात?"

"खरं सांगितलं असतं, मला बसायला जागा नाय म्हणून, तर उठू दिलं असतं का कुनी?" त्यांनी गोधडीवर हात फिरवून सुरकुती काढली. "तू खरंच बोलली व्हती ना पोरीसाठी. काय दिलं?"

मी गेले तशीच परत आले. दिवसभर ज्याच्यात्याच्यावर खेकसले.

८ जानेवारी, गुरुवार

हे शेडमध्ये बसून लिहिते आहे.

परवा दुपारी प्रांजल शाळेतून आली, दप्तर घेऊन थेट आजीकडे गेली आणि मोडकी खुर्ची घमेल्यावर टेकवून अभ्यासाला बसली. मी बोलवायला गेले. पूर्वेच्या पत्र्यात सिमेंटवाल्यांनी उजेडाला भोक पाडलेलं आहे, त्यातून कांद्याचं सगळं वावर दिसत होतं. मला बघून प्रांजलने खुर्ची सरकवली. पोर एवढ्या महिन्यांनी माझ्याकडे सरळ बघून बोलली. म्हणाली, "मम्मी, बस ना." मागच्या जानेवारीपासून मी तिला काय काय केलं ते सगळं एकदम वर आलं आणि मी त्या पोत्यावर बसून रडले. आत्याबाई म्हणाल्या, "रड. हितं कुनी येत न्हाई."

काल सकाळी मी ह्यांना सांगितलं, मीही बसले.

"तू? तू तर मानत न्हाईस ना?"

"नाही मानत."

"मग?"

"मग काय? बसले म्हणजे बसले."

मला हे पटलेलं नाही. उद्या किशोरींच्या बैठकीत मी कोणत्या तोंडाने बोलणार? जे मी लाथाडून बाहेर पडले त्याच नावाखाली येऊन बसले आहे, आणि तेही खोटं. माझी चीड गेलेली नाही, उलट वाढली आहे, फक्त तिची दिशा फिरली. बाईला घरात चार हात जागा हवी असेल तर आधी तिने स्वतःला बाटलेली म्हणवून घ्यायचं? सरळ तोंडाने मागितली तर द्यायला तुमच्या हाताला काय लकवा मारतो? त्या आखणीच्या दिवशी मी एवढी ओरडले, पण जिच्यावर ओरडायला नको होतं तिच्यावर. कुंडलिकने रेघ पुसली ती माझ्या सांगण्यावरून.

आज स्वयंपाक ऋषी आणि हे करतायत. म्हणजे ऋषी कुकर लावतो आणि हे त्याला शिव्या देतात. दुपारी हे तीन ताटं घेऊन आले. भात खाली लागलेला, भाकरीचा नकाशा झालेला. ताटं उंबऱ्यावर ठेवली आणि तिथेच उभे राहिले. बाहेर कुणीही नव्हतं, दार सताड उघडं होतं. आत पाऊल टाकलं नाही.

"किती दिस चालायचं हे?"

"कुंडलिकला बोलवा," मी म्हटलं. "फक्की घेऊन."

"आता कशाला?"

"आठ बाय दहाची खोली आखायची आहे. खिडकी पूर्वेला. कडी आतून. आणि तिला स्टोअर म्हणायचं नाही. प्रांजलची आणि आत्याबाईंची खोली म्हणायचं."

"लोकं काय म्हणतील, बंगल्याच्या मागं..."

"तोपर्यंत आम्ही इथेच आहोत."

मग म्हणाले, "पाणी आणतो." आणि गेले. पाणी आणायचा रिकामा तांब्या माझ्या हाताजवळच होता, सवयीने मी उठणार होते. उठले नाही.

प्रांजलने ताट उचलून आजीपुढे धरलं आणि हाक मारली. आत्याबाईंनी ऐकलं नाही. भर दुपारी, तोंडावर पदर घेऊन, त्या गाढ झोपल्या होत्या.